२५० ओहमच्या हेडफोनला कोणता अ‍ॅम्प घ्यावा? आधी व्होल्ट मोजा, मग पैसे काढा

मागच्या दिवाळीनंतर गावातला एक पोरगा हेडफोनचा डबा घेऊन माझ्याकडे आला. आमच्या तिवसा तालुक्यात, मोझरीच्या आसपास, खंजिरी भजन घरोघरी आहे. हा पोरगा मंडळांची भजनं रेकॉर्ड करतो आणि रात्री बसून त्यांची सफाई करतो. वर्षभर पैसे साठवून त्याने बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेतला होता, २५० ओहमचा. म्हणाला, "दादा, याचा आवाजच मोठा होऊन नाही राहिला. फुल केला तरी हळूच. खराब तं नाही ना निघाला?"

हेडफोन ठणठणीत होता. पण दुकानदाराने त्याला फोनवरच सांगून टाकलं होतं की मोठा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि जो सुचवला होता त्याची किंमत हेडफोनपेक्षा जास्त होती. असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात, म्हणून त्याच्यासोबत जे जे केलं ते सगळं इथे क्रमाने लिहितो.

ओहम म्हणजे काय, हे पंपावरून समजून घ्या

विहिरीवर पंप बसवताना आपण पाटीवरचा एचपी बघून थांबत नाही. पाणी किती उंच चढवायचं आहे, म्हणजे हेड किती, हे आधी विचारतो. हेड कमी पडलं तर पाच एचपीचा पंपही टाकीपर्यंत पाणी नेत नाही. हेडफोनचं गणित तेच आहे. इम्पीडन्स, म्हणजे ओहमचा आकडा, ही नळीची बारीकी. ३२ ओहमचा इअरफोन म्हणजे दोन इंची पाइप आणि २५० ओहमचा हेडफोन म्हणजे ठिबकची बारीक नळी. बारीक नळीतून पाणी थोडंच जातं, पण ते ढकलायला दाब लागतो. हा दाब म्हणजे व्होल्ट. डब्यावर छापलेले वॅट म्हणजे एचपी.

तेव्हा हाय-इम्पीडन्स हेडफोनला व्होल्ट हवेत, करंट फार लागत नाही. अ‍ॅम्प निवडताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की असली की निम्मी फसवणूक टळते.

कंपन्या असे हेडफोन बनवतातच कशाला, हा पोराचा पुढचा प्रश्न होता. कॉइलला बारीक तार वापरून जास्त वेढे दिले की ओहम वाढतात आणि कॉइल हलकी ठेवता येते. स्टुडिओत एकाच अ‍ॅम्पवर पाच-सहा हेडफोन समांतर जोडले तरी अ‍ॅम्पवर भार येत नाही. शिवाय जुन्या यंत्रांच्या आउटपुटचा स्वतःचा ओहमच जास्त असे, त्यांच्याशी असे हेडफोन जुळत. सेनहायझरचा १९६८ सालचा एचडी ४१४ तर तब्बल २००० ओहमचा होता. आजच्या यादीत सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५० हे ३०० ओहमचे, आणि बायरडायनॅमिकचे ८०, २५० आणि ६०० ओहमचे प्रकार नेहमी दिसतात. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला आवाज, असा मात्र नियम नाही. अजून हेडफोन घेतला नसेल, आणि ऐकायचं फक्त फोनवरच असेल, तर ८० ओहमचा घ्या आणि हा लेख इथेच सोडून द्या.

पहिलं काम: हेडफोनचे दोन आकडे कागदावर लिहा

एक आकडा ओहमचा. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, आणि हा लोक बघतच नाहीत. एवढ्या विजेत किती आवाज निघेल, हे तो सांगतो. डीटी ९९० प्रोच्या २५० ओहमच्या प्रकाराला १ मिलिवॅटला ९६ डेसिबल दिलेले आहेत. इथे एक खाचखळगा आहे. काही कंपन्या हा आकडा १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. एचडी ६५० चा १०३ डेसिबल हा १ व्होल्टचा आकडा आहे. दोघांची तशीच तुलना केली तर उत्तर चुकतं. मिलिवॅटच्या आकड्यात २५० ओहमला ६, ३०० ओहमला ५ आणि ६०० ओहमला २ मिळवा, की व्होल्टचा आकडा मिळतो. म्हणजे डीटी ९९० प्रो १ व्होल्टला १०२ डेसिबल देतो. एचडी ६५० चे १०३. दोघं जवळपास सारखेच निघाले.

३२ ओहमला हीच बेरीज १५ ची होते. त्याच ९६ डेसिबलचा ३२ ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १११ डेसिबल वाजतो. एकाच फोनवर एक हेडफोन कानठळ्या बसवतो आणि दुसरा पुटपुटतो, त्याचं कारण हे ९ डेसिबल.

दुसरं काम: हातात आहे ते किती व्होल्ट देतं, ते मोजा

मोटरचं वायरिंग तपासायला मल्टिमीटर आपल्याकडे घरोघरी असतो. तोच काढा. फोनवर ५० हर्ट्झचा साधा साइन टोन घ्या, पूर्ण पातळीचा, म्हणजे ज्याला ० डीबी म्हणतात तो. टोन तयार करणारी फुकट अ‍ॅप भरपूर आहेत. टोन ५० हर्ट्झचाच का, तर स्वस्त मीटर घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीवरच खरं बोलतात, १००० हर्ट्झवर काहीही दाखवतात.

फोनच्या जॅकला वाय-स्प्लिटर लावा. एका बाजूला हेडफोन जोडून तो उशीखाली ठेवा, कानाला लावू नका. दुसऱ्या बाजूला दोन्हीकडे पिन असलेली ऑक्स केबल लावा. केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला मीटरची लाल तार, आणि मुळाशी, प्लास्टिकला लागून असलेल्या कड्याला काळी. मीटर एसी व्होल्टवर. आता व्होल्यूम फुल करा आणि आकडा वाचा. हेडफोन जोडलेला ठेवायचा, कारण काही डोंगल (फोनला लागणारी बोटाएवढी आवाजाची यंत्रं) हेडफोन जोडलेला दिसला नाही तर आवाजच सोडत नाहीत.

त्या पोराकडे आपला नेहमीचा पिवळा मीटर होता. त्यावर एसीची सगळ्यात खालची पट्टी २०० व्होल्टची असते, त्यामुळे दशांशाचा एकच आकडा दिसतो. त्याच्या फोनवर दिसलं ०.५. मोजमाप ढोबळ, पण आपलं काम झालं. २५० ओहमला अर्धा व्होल्ट म्हणजे बरोबर १ मिलिवॅट, म्हणजे ९६ डेसिबल, आणि हा त्या फोनचा कळस.

तिसरं काम: तुम्हाला किती हवेत, ते काढा

गणित सोपं आहे. व्होल्ट दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. डीटी ९९० प्रोसाठी अर्ध्या व्होल्टला ९६, एक व्होल्टला १०२, दोन व्होल्टला १०८, चार व्होल्टला ११४. ही ओळ भिंतीवर लिहून ठेवा.

तुम्ही सरासरी ऐकता ७५ ते ८० डेसिबलवर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हेडफोनवर ८० डेसिबल वाजवायला लागतात फक्त ०.०८ व्होल्ट. शून्य पॉइंट शून्य आठ! मग बाकीचे व्होल्ट कशाला? खंजिरीवर थाप पडते त्या क्षणासाठी. संगीतातले असे टोकाचे क्षण सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. तेवढी जागा अ‍ॅम्पमध्ये नसेल तर थाप बोथट होते.

७५ अधिक २० म्हणजे ९५. या हिशेबाने पोराचा फोन पुरायला हवा होता, आणि तयार सिनेसंगीतावर तो पुरतही होता. अडलं होतं त्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगवर. तो माइकची पातळी जपून ठेवतो, त्यामुळे रेकॉर्डिंगचं टोक ० च्या खाली १२ डीबीवर असतं. म्हणजे ऐकताना १२ डेसिबल तिथेच गेले. ९६ मधून १२ गेले, उरले ८४. भरून काढायला चौपट व्होल्ट हवेत: अर्ध्याचे दोन.

माझं मत सरळ आहे. २५० आणि ३०० ओहमच्या या हेडफोनना २ ते २.५ व्होल्ट बहुतेकांना पुरतात. शास्त्रीय संगीताची हळू रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याने किंवा कच्चं मिक्सिंग करणाऱ्याने ४ ते ५ पर्यंत जावं. ६०० ओहमचा आणि तेवढ्याच सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन असेल तर ११० डेसिबलच्या टोकाला जवळपास ४ व्होल्ट लागतात, तिथे मात्र टेबलावरचा अ‍ॅम्प हवाच. यापेक्षा जास्त ताकद विकत घेऊन ती वापरायला कान उरणार नाहीत.

डब्यावरचे आकडे वाचताना

पूर्वी डेकवर '२००० वॅट पीएमपीओ' छापलेलं असायचं, आठवतं? तसं उघड खोटं आता कमी झालं, पण आकड्यांची चलाखी आहेच. अ‍ॅम्पवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं '१००० मिलिवॅट', आणि बारीक अक्षरात '३२ ओहमला'. तुमचा हेडफोन ३२ चा नाही. तेव्हा व्होल्ट काढा: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १ गुणिले ३२ म्हणजे ३२, वर्गमूळ ५.६६. हा अ‍ॅम्प निदान ५.६६ व्होल्ट देतो, म्हणजे २५० ओहमला सुमारे १२८ मिलिवॅट. भरपूर आहे. आता एखाद्या डोंगलवर '३२ ओहमला ६० मिलिवॅट' लिहिलं असेल तर ०.०६ गुणिले ३२, वर्गमूळ साधारण १.४ व्होल्ट, म्हणजे डीटी ९९० प्रोवर जवळपास १०५ डेसिबल. गाणी ऐकायला हे पुष्कळ झालं. मी 'निदान' म्हणतो, कारण काही डोंगल ३२ ओहमला करंट कमी पडल्यामुळे अडतात आणि २५० ला त्यांचे व्होल्ट आणखी वर जातात. म्हणून ३०० ओहमचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरा.

आणखी दोन गोष्टी. '२ व्हीआरएमएस' लिहिलं असेल तर ते खरे २ व्होल्ट. 'पीक टू पीक' लिहिलं असेल तर २.८ ने भागा. आणि आकडा बॅलन्स्ड जॅकचा, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा वेगवेगळ्या ठेवणाऱ्या जॅकचा, आहे की साध्याचा, ते बघा. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकला अनेकदा दुप्पट व्होल्ट मिळतात, पण डीटी ९९० प्रोची गुंडाळी केबल निघत नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. एचडी ६०० आणि ६५० ची केबल बदलता येते, त्यांच्यासाठी हा रस्ता खुला आहे.

काय घ्यावं

डोंगल. बोटाएवढं यंत्र, फोनच्या टाइप-सी मध्ये लागतं, आत डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप) आणि अ‍ॅम्प दोन्ही. चांगले डोंगल साध्या जॅकला १ ते २ व्होल्ट देतात, बॅलन्स्डला ४ च्या आसपास. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. अ‍ॅपलचं छोटं डोंगल आयफोनवर किंवा लॅपटॉपवर छान चालतं, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार दबतो; अँड्रॉइडवाल्यांनी ते टाळावं.

टेबलावरचा अ‍ॅम्प. ६०० ओहम असेल, रोज तासन्‌तास मिक्सिंग असेल, हाताला व्होल्यूमचं मोठं बटण हवं असेल, तर हा. यात कमी-जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा, खटका आहे का, ते बघा. कमी गेनवर खरखर कमी येते आणि व्होल्यूमचं बटण फिरवायला जागा मिळते. जास्त गेनवर बटण ८ वाजताच्या जागेवर अडकून राहतं, आणि तिथे स्वस्त पॉटमध्ये, म्हणजे बटणाखालच्या भागात, डाव्या-उजव्या कानाचा आवाज सारखा राहत नाही.

हौस असेल आणि सोल्डरिंग येत असेल, तर ओ-टू नावाचा अ‍ॅम्प स्वतः जोडता येतो. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने त्याचा आराखडा सगळ्यांसाठी प्रसिद्ध केला. दोन ९ व्होल्टच्या चार्जेबल बॅटऱ्यांवर तो चालतो आणि त्या बॅटऱ्यांवरही २५० ओहमला हवे तेवढे व्होल्ट देतो. लाइन गेली तरी काम थांबत नाही. आपल्याकडे याची किंमत वेगळी सांगायला नको.

ट्यूबचा अ‍ॅम्प, विशेषतः आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, हाय-इम्पीडन्स हेडफोनशी चांगला जुळतो. त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आउटपुटचा स्वतःचा ओहम, १०० च्या आसपास असतो, आणि एचडी ६०० सारख्या हेडफोनचे ओहम खर्जात ५०० पर्यंत चढत असल्यामुळे तिथला आवाज साधारण १ डेसिबलने उचलला जातो. काहींना हा उबदारपणा आवडतो. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, डोक्यावर टिनाचं छप्पर, आणि टेबलावर तापलेल्या ट्यूब. पहिला अ‍ॅम्प म्हणून मी हा कोणालाच सुचवत नाही.

एक सांगून ठेवतो. डीटी ९९० चा वरचा स्वर टोकदार आहे, झांजा कानाला टोचतात. ते कोणताही अ‍ॅम्प बरं करणार नाही. इक्वलायझरमध्ये ८ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं खाली ओढा, फुकटात काम होतं.

आपली वीज

शहरातल्या माणसाने लिहिलेल्या लेखात हा भाग नसतो, आणि आपल्याकडे अर्ध्या तक्रारी इथूनच येतात. रब्बीत पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज पडतं. अ‍ॅम्पसोबत जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर असेल तर २३० चे १७० झाले की त्याचं आउटपुटही त्याच प्रमाणात पडतं आणि आवाज फाटू लागतो. हलक्या अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर त्याला एवढ्याने काही होत नाही.

ही ओळ वाचायचीच. माझ्याकडे एका नातेवाइकाने परदेशातून आणलेला अ‍ॅम्प होता. अडॅप्टरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं, ते मी न वाचता बोर्डात खुपसलं. मिनिटभरात जळक्या वार्निशचा वास आला, आणि काढायला हात लावला तर अडॅप्टर चटका बसेल इतका तापलेला. अ‍ॅम्प वाचला, अडॅप्टर गेला, आणि तसा दुसरा मिळायला दोन महिने लागले.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण येते. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर हेडफोनमध्ये 'हम्म' येत असेल तर चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अ‍ॅम्पचा नाही, अर्थिंगचा आहे. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवताना झिणझिण्या येत असतील तरी तेच. घराच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. वायरमनकडून तो तपासून घ्या, पाणी घालत राहा. तोवर सगळ्यात शांत वीज म्हणजे बॅटरी: फोन आणि डोंगल, किंवा चार्जर काढलेला लॅपटॉप. पॉवर बँकेवर छोटा यूएसबी अ‍ॅम्प चालवायचा असेल तर आधी तपासा, कारण ओढणी फार कमी असली की काही पॉवर बँक आपोआप बंद होतात. आणि अवकाळीचं आभाळ भरून आलं की अ‍ॅम्पचा प्लग बोर्डातून बाहेर काढा.

हातात आल्यावर

कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागतं, आणि परत करण्याचे दिवस मात्र पोहोचल्या तारखेपासूनच मोजतात. म्हणून त्याच संध्याकाळी तपासा.

हेडफोन जोडायच्या आधी अ‍ॅम्प चालू करून पाच मिनिटं राहू द्या. व्होल्यूम शून्य. मीटर डीसीच्या २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवून जॅकवर मोजा, आधी एक बाजू, मग दुसरी. १०-२० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ५० च्या वर गेला तर हेडफोन लावूच नका, परत पाठवा. जुना अ‍ॅम्प विकत घेत असाल तर ही तपासणी विकणाऱ्याच्या घरीच करा, आणि व्होल्यूमचं बटण हळूहळू पूर्ण फिरवून खरखर ऐका.

मग कमी गेन, व्होल्यूम शून्य, हेडफोन लावा. डीटी ९९० प्रोला मोठ्या ६.३५ मिलिमीटर जॅकचा अडॅप्टर आट्यांनी बसतो. तो सैल राहिला तर एक बाजू अधूनमधून जाते, आणि लोक अ‍ॅम्प खराब आहे म्हणून परत पाठवतात. घट्ट आवळा. ओळखीचं एकच भजन लावा आणि हळूहळू वर या. बटण ११ ते २ वाजण्याच्या दरम्यान हवं तिथे आवाज पुरला, तर गेन बरोबर आहे.

त्या पोराला मी आधी माइकची पातळी ६ डीबीने वाढवायला लावली. त्यातच निम्मं अंतर कापलं गेलं. उरलेल्यासाठी त्याने साध्या जॅकला २ व्होल्ट देणारं डोंगल मागवलं, तिवस्याहून स्वतः घेऊन आला, आणि माझ्या ओसरीवर बसून जुनंच रेकॉर्डिंग लावलं. दुसऱ्या कडव्यात हात वर करून त्याने थांबवलं. "दादा, इथं पेटीवाल्याचा भाता वाजून राहिला. हे मले आजवर ऐकूच नाही आलं." मग ती जागा मार्क करून तो कापायला बसला.